रक्तवाढीची सलाइन: आयर्न सुक्रोजच्या पाच फेऱ्या की एफसीएमची एकच?

गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेसात निघालं. महिनाभर नेमानं गोळ्या घेऊनही ते एका ग्रॅमनं वाढलं नाही, किंवा गोळी पोटात ठरतच नाही. अशा वेळी डॉक्टर सलाइनमधून आयर्न घ्यायला सांगतात आणि दोन नावं कानावर येतात: आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, म्हणजेच एफसीएम. रक्त दोन्हींनी वाढतं. खरा फरक दवाखान्याच्या फेऱ्यांचा आहे, आणि बीड-धाराशिवकडच्या ऊसतोडीच्या घरात त्या फरकावरच सगळं ठरतं.

किती आयर्न लागणार, याचा हिशोब सोपा आहे. हवं असलेलं हिमोग्लोबिन वजा आत्ताचं, गुणिले गरोदरपणाआधीचं वजन, गुणिले २.४, त्यात शरीरातल्या साठ्यासाठी ५०० मिळवायचे. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन साडेसात आणि ते ११ वर न्यायचं असेल, तर ९२० मिलिग्रॅम लागतात. हा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नाहीतर दोन सलाइन झाल्या की ‘झालं एकदाचं’ असं वाटतं आणि निम्मं आयर्न राहून जातं.

आयर्न सुक्रोजच्या ५ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये १०० मिलिग्रॅम आयर्न असतं. साधारणपणे दोन अँप्यूल १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या तासात देतात. मग एक दिवस सोडून पुढची. आठवड्यात ६०० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. म्हणजे वरच्या हिशोबात पाच सलाइन आणि दहा-बारा दिवस.

एफसीएमचे १००० मिलिग्रॅम एकाच वेळी, २५० मिलीपर्यंतच्या नॉर्मल सलाइनमधून किमान १५ मिनिटांत जातात. मात्र एका वेळची मर्यादा वजनावर ठरते: किलोमागे २० मिलिग्रॅम. ४० किलोच्या बाईला एका वेळी ८०० मिलिग्रॅमच. उरलेलं आठवड्यानं घ्यावं लागतं. अंगानं बारीक असलेल्या बाईनं ‘एकाच सलाइनीत काम’ हे गृहीत धरू नये.

टोळी दसरा-दिवाळीच्या आगेमागे निघणार असेल आणि हातात आठच दिवस असतील, तर एफसीएमच मागा. सुक्रोजच्या दोन सलाइन गावात आणि उरलेल्या तीन कारखान्याच्या तळावर, हे जुळत नाही; तिथं एका दिवसाचा खाडासुद्धा अंगावर येतो. पण बाई माहेरीच राहणार असेल, ग्रामीण रुग्णालय जवळ असेल आणि आशाताई सोबत यायला तयार असतील, तर सुक्रोज पुरेसं आहे. महागडं एफसीएम खासगीत घेण्यासाठी उचल किंवा कर्ज काढायची गरज नाही. आधी उपजिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात एफसीएम आहे का, ते विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, तेव्हा हे विचारणं सोपं जातं. जाण्यायेण्यासाठी १०२ची गाडी मोफत आहे.

पहिले तीन महिने दोन्हीपैकी काहीच देत नाहीत. ताप किंवा अंगात संसर्ग असेल तर सलाइन पुढं ढकलतात. दमा किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर सुई लावण्याआधीच सांगा. सिकलसेल आढळणाऱ्या किनवट-माहूर भागातल्या किंवा घरात कुणाला सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्या बाईनं ती तपासणी आधी करून घ्यावी, कारण तिथं रक्त कमी असण्याचं कारण आयर्नची कमतरता नसूही शकतं. मग भरलेलं आयर्न नुसतं अंगात साचतं.

सलाइन चालू असताना

सगळ्यात जास्त लक्ष सुईच्या जागेवर हवं. आयर्न शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचाच राहतो. जागा ठणकली, फुगली किंवा चुरचुरली की लगेच सिस्टरला हाक मारा. ‘थोडंच उरलंय’ म्हणून सोसू नका. मनगटाच्या किंवा कोपराच्या वाकणाऱ्या जागी सुई असेल तर हात हलवू नका. सलाइनचा वेग नातेवाइकांनी वाढवायचा नाही. घरी जायची एसटी निघून जाईल म्हणून चाक सैल करणं हे नेहमीचं आहे आणि धोक्याचंही.

चेहरा लाल होणं, छाती किंवा कंबर आवळल्यासारखी वाटणं, हे बहुतेकदा सलाइन थांबवली की काही मिनिटांत ओसरतं आणि नंतर ती हळू वेगानं पुन्हा सुरू करता येते. पण धाप लागली, ओठ-डोळे सुजले किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ती गंभीर रिॲक्शन असू शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन तिथल्या तिथं लागतं. म्हणून ही सलाइन घरी किंवा गावातल्या कंपाउंडरकडून घ्यायची नाही. संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. बाळाचे ठोकेही तपासून घ्यायला सांगा.

आता पिवळ्या सलाइनबद्दल, कारण अशक्तपणा म्हटलं की गावोगावी तीच लावली जाते. तो पिवळा रंग व्हिटॅमिनचा. त्यात आयर्न नसतं. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, बस. अंगात पाणी जाऊन तासभर तरतरी वाटते, हिमोग्लोबिन मात्र तिथंच राहतं. आयर्नची सलाइन गडद तपकिरी दिसते. त्या पिवळ्या बाटल्यांवर गेलेले पैसे वाया जातात, आणि गरोदर बाईचे आठवडेही.

आठवड्यांचं महत्त्व अशासाठी की आयर्न शिरेतून गेलं तरी हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅमनं वाढायला तीन-चार आठवडे लागतात. बाळंतपण तोंडावर आलं असेल आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, तर सुक्रोज की एफसीएम हा वादच उरत नाही. दवाखान्यात भरती व्हावं लागतं आणि बहुधा रक्त चढवावं लागतं.

सलाइननंतर किमान पाच दिवस आयर्नची गोळी बंद ठेवतात. सरकारी लाल गोळीत आयर्नबरोबर फॉलिक ॲसिडही असतं, तेव्हा त्या दिवसांसाठी फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी मागून घ्या. एफसीएम पुन्हा पुन्हा घेतल्यानं काहींच्या रक्तातलं फॉस्फेट घटतं; हिमोग्लोबिन चढूनही हाडं दुखत असतील, थकवा जात नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला, हे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या, आणि तळावर जाताना ते कार्ड सोबत ठेवा. तिथल्या दवाखान्याला दुसरं काहीच माहीत नसतं.