रुतणारं चाक: बेकरचं सूत्र की कणांचं मॉडेल?

परभणीकडच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर ट्रॅक्टर किती रुतेल, हे गणितानं काढायच्या दोन तऱ्हा आहेत.

एक अभियंता एम. जी. बेकर यांची (चंद्रावरच्या रोव्हरमागेही हेच गृहस्थ). जमिनीत वेगवेगळ्या आकाराच्या लोखंडी चकत्या दाबायच्या, दाब आणि खोली नोंदवायची. त्यातून दोन गुणांक आणि एक घातांक मिळतो. ते सूत्रात घातले की उत्तर झटक्यात. पण जागेवर फिरणारं चाक स्वतःच खड्डा खणतं, नक्षीत चिखल भरून टायर गुळगुळीत होतो, हे मूळ सूत्रात नाहीच. आपल्याकडे खरी रड तीच!

दुसरी, डिस्क्रीट एलिमेंट पद्धत. माती म्हणजे असंख्य गोळ्या. प्रत्येकीचं घर्षण, चिकटणं वेगळं मोजायचं. चिखल कुठे सरकतो ते दिसतं. मात्र चिकणमातीचा कण 2 मायक्रॉनहून बारीक, तितके कण संगणकाला पेलत नाहीत. मग मोठ्या गोळ्या घेऊन चिकटपणा जुळवत बसा. दिवसच्या दिवस जातात.

टायरची नक्षी ठरवायची असेल तर दुसरीच घ्यावी. टायरमधली हवा कमी केल्यानं किती फरक पडेल, एवढंच बघायचं तर बेकर पुरे. फक्त चकत्या वापशावर (ओल बेताची असताना) आणि चिखलात वेगवेगळ्या दाबा, एकाचे आकडे दुसऱ्याला चालत नाहीत.