गोळी, थेंब, पट्टा की धुणं: वावरात फिरणाऱ्या कुत्र्याला गोचिडांसाठी काय द्यावं?

औषध निवडण्याआधी आपलं कुत्रं दुपारी कुठं बसतं ते पाहा. पारा 45 वर गेला की विदर्भातलं कुत्रं रांजणाखालच्या ओल्या मातीत नाहीतर कूलरच्या गळत्या पाण्यात अंग टाकतं. संध्याकाळी वावर, रात्री कोठ्यात ढोरांजवळ झोप. अंग सारखं ओलं होणार असेल तर निम्मा निर्णय तिथंच होतो.

मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब महिनाभराचे. गोचीड आणि पिसवा, दोन्हींवर चालतात. केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकावे लागतात, आणि आधी दोन दिवस नि नंतर दोन दिवस कुत्र्याला भिजू द्यायचं नसतं. मे महिन्यात हे जमवून दाखवा! गळ्यातला पट्टा काही महिने टिकतो खरा, पण वारंवार भिजला की जोर कमी होतो. त्यात गावातली कुत्री एकमेकांचे गळे धरून खेळतात, आणि लेकरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात ती वेगळीच. बांधून ठेवलेल्या, कोरड्या जागी राहणाऱ्या कुत्र्याला पट्टा ठीक.

मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याला मी गोळीच सुचवीन. अफॉक्सोलानरची गोळी महिनाभर चालते, फ्लुरालानरची साधारण 12 आठवडे. औषध रक्तातून काम करतं, त्यामुळं पाण्याशी काही संबंध नाही. गोचीड चावल्यावरच मरते, म्हणून अंगावर एखादी दिसली की औषध फुकट गेलं असं समजू नका. गोळी वजनावर ठरते, तेव्हा अंदाजे न घेता कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. कुत्र्याला फिट येत असेल तर आधी डॉक्टरला सांगा. एकरकमी पैसे जास्त लागतात, हीच एक अडचण.

दोन-तीन कुत्री असली की लोक अमिट्राझच्या धुण्याकडे वळतात. स्वस्त आहे, गोचिडांवर चालतंही, पण पिसवांवर नाही. बाटलीवरच्या मापानंच पाणी घालायचं, हातमोजे घालायचे, अंग वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. घरात मांजर असेल तर हे नकोच. लहान पिल्लांनाही नको. दवाखान्यात मारून घेतात त्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनावर गोचिडांसाठी भरवसा ठेवू नका.

कृषी केंद्रातून पऱ्हाटीसाठी आणलेलं फिप्रोनिल मात्र कुत्र्याच्या अंगावर कधीच नाही. नाव तेच असलं तरी त्याची तीव्रता आणि त्यातलं मिश्रण पिकासाठीचं असतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

आता भिंत. कुत्र्यावरची गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते, भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. शेणामातीच्या भिंतीत, दाराच्या चौकटीमागं, बारदान्याच्या घडीत बोटभर उंचीवरून छतापर्यंत पाहा. राईएवढी पिल्लं हलताना दिसतील. ही पिल्लं उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात. भेगा लिंपून घ्या, बारदाना उन्हात टाका, आणि डेल्टामेथ्रिनसारखं कोठ्यात मारायचं औषध मापानं भेगांत फवारा. फवारा वाळेपर्यंत कुत्रं, ढोरं, कोंबड्या बाहेर. उरलेली अंडी फुटतात म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. पिसवांचे कोष मातीत असतात, तेव्हा कुत्र्याची बसायची जागाही खरडून झाडा. हे केलं नाही तर महागडी गोळी घेऊनही तुम्ही नव्या गोचिडांना जेवूच घालत राहाल.

कडुलिंबाचं तेल लावायचं तर लावा, पण त्याच्या जोरावर गोळी टाळू नका. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा; रॉकेल नको, काडी लावणं नको, बोटांनी चिरडणं तर नकोच. आणि गोचिडांनंतर कुत्रं जेवेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी ढोरांच्या दवाखान्यात न्या. हा गोचीडतापच असेल तर वेळेत सुरू केलेल्या उपचारानं कुत्रं बऱ्याचदा सावरतं. शेवटचं कोणतं औषध कधी दिलं, हे डॉक्टरला आठवणीनं सांगा.