जागतिक सिनेमाच्या ॲपचा वर्षभराचा अनुभव: सिनेमे एक नंबर, सबटायटलनी मात्र डोकं उठवलं

तासाभरानंतर सबटायटल जवळजवळ अडीच मिनिटं मागे. म्हणजे पडद्यावर पोरगं वही घेऊन डोंगर चढून पलीकडच्या गावात पोचलंय आणि खाली अजून मागच्याच सीनमधली बोलणी चाललीयत. सिनेमा अब्बास किआरोस्तामीचा, 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस', १९८७ चा, इराणी. वर्गातल्या मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, उद्या त्यानं गृहपाठ वहीत दाखवला नाही तर मास्तर शाळेतनं काढणार, म्हणून आठ वर्षांचा अहमद ती परत द्यायला निघतो. गोष्ट एवढीच. पण असल्या सिनेमात कोण कुणाला काय म्हणालं हे वेळेवर कळलं नाही तर हातात राहतंय काय?

ॲपचं नाव घालत नाही, ज्यांच्याकडे आहे ते ओळखतील. दर्जा, भाव, किती स्क्रीन चालतात वगैरे तुम्हाला माहितीच आहे, त्यात मी जात नाही. मला बोलायचंय सबटायटलवर, कारण आमच्या घरात ते फक्त मी वाचत नाही. आईला इंग्रजी येत नाही, तिला सिनेमे आवडतात, म्हणून मी वाचतो आणि लगेच मराठीत सांगतो, ती ऐकते आणि पडद्याकडे बघते. असं आमचं सांगलीत वर्षभर चाललंय. त्यामुळं एखादी ओळ उशिरा आली, भुर्रकन गेली किंवा दिसलीच नाही तर दोघांचाही सिनेमा तिथंच थांबतो. अहमदची आई त्याचं काही ऐकूनच घेत नाही, गृहपाठ कर, हे काम कर, ते काम कर, तेव्हा आमची आई म्हणाली, "आगं बाई, लेकराचं ऐक तरी." हे सुरुवातीचं, तोवर सबटायटल बरोबर होते. पुढं सगळा घोळ.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, इंटरनेट तपासा, ॲप काढून परत टाका. परत लिहिलं, परत तेच उत्तर, फक्त नाव वेगळं. अहो इंटरनेट स्लो असेल तर चित्र अडकेल, गोल गोल फिरत बसेल, सबटायटल मागं कशाला पडतील? आणि ते सुरुवातीपासून सारखेच मागं असते तरी समजलं असतं, सरकवले की झालं. हे हळूहळू वाढत जात होतं. याचं कारण ज्याला व्हिडिओतलं थोडंफार कळतं त्याला लगेच कळतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा असतो, युरोपात टीव्हीसाठी कॉपी निघायच्या त्या २५ च्या, तीच चित्रं जरा भरभर पळवलेली, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. यांनी २५ वाल्या कॉपीला २४ वाल्याची सबटायटल फाईल लावली असणार. चित्र पुढं पळतं, अक्षरं मागं राहतात, तासाला साधारण अडीच मिनिटं. हे मी त्यांना मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहून पाठवलं. ज्या ॲपवरचा जवळपास सगळा माल परक्या भाषेतला आहे तिथं ही फाईल प्रसिद्ध करण्याआधी शेवटापर्यंत एकदा कुणी बघत नाही याचा मला मनापासून राग येतो. वर्गणी आगाऊ वर्षाची घेतलेली असते हो.

आता सिनेमांबद्दल, कारण त्यासाठीच तर पैसे भरले. नाहीतर असले सिनेमे बघायचे म्हणजे पुण्याला पिफला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, नाहीतर कोल्हापूरच्या महोत्सवाला जायचं, गाडीभाडं, राहणं, रजा, आणि आईला तर ते जमण्यासारखं नाहीच. तो खर्च धरला तर वर्षाची वर्गणी काहीच नाही.

सगळ्यात आधी 'द नेकेड आयलंड', जपानी, १९६०, दिग्दर्शक कानेतो शिंदो. यात संवाद जवळजवळ नाहीतच. एका लहानशा बेटावर नवरा बायको आणि दोन पोरं, बेटावर गोडं पाणी नाही, शेजारच्या बेटावरनं होडीतनं पाणी आणायचं, कावडीला लावलेल्या बादल्या खांद्यावर घेऊन चढ चढायचा आणि पळीपळीनं रोपांना घालायचं. परत होडी, परत चढ. आमच्या काकांना नाटकाचं वेड, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात नाटक उभं केलं त्या गावचे आम्ही, संवाद नाहीत म्हटल्यावर ते उठूनच चालले होते. आईनं बसवलं. आई मूळची जत तालुक्यातली, म्हैसाळ योजनेचं पाणी पोचायच्या आधीचं जत तिनं बघितलंय. सिनेमातली ती बाई चढावर पाय घसरून पडते, बादली सांडते, नवरा थोबाडीत मारतो, तेव्हा आई एवढंच म्हणाली की सांडलेल्या पाण्याचं तिलाच जास्त वाईट वाटत असंल. मी त्यावर काय बोलणार. ज्या जिल्ह्यातनं, मिरजेहून, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्याच जिल्ह्यात जतकडं टँकरची वाट बघणारी गावं होती. हा सिनेमा इथल्या माणसानं बघितला नाही तर कुणी बघायचा? शेवटाकडं एक प्रसंग आहे, ती बाई पाणी ओतून देते आणि रोपं उपटते, नवरा नुसता बघत राहतो. का ते सांगत नाही. काका शेवटपर्यंत बसले, आणि नंतर मला म्हणाले की असला अजून एखादा असेल तर लाव.

मग त्यांच्यासाठी 'ले क्वात्रो व्होल्ते' लावला, इटलीतला, २०१०, म्हातारा बकऱ्यावाला आणि त्याचं कुत्रं. त्यातही बोलणं नसल्यात जमा. त्यातला एक लांबलचक न तोडलेला शॉट आहे, ज्यात कुत्रं गाडीच्या चाकाखालचा दगड काढतं आणि गाडी जाऊन बकऱ्यांच्या कुंपणावर आदळते, तो काकांनी मागं घेऊन घेऊन बघितला. सबटायटलची कटकट असेल त्यांनी या दोन सिनेमांपासून सुरुवात करावी असं माझं सरळ म्हणणं आहे.

'राम्स' मात्र माझा सगळ्यात लाडका आणि याच सिनेमावरनं ॲपवर सगळ्यात जास्त चिडलोय. आइसलँड, २०१५, कान महोत्सवात 'अन सर्टन रिगार्ड' विभागात पहिला आलेला. दोन सख्खे भाऊ शेजारीशेजारी राहतात, दोघंही मेंढपाळ, ४० वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप द्यायचा तर कुत्र्याच्या तोंडात चिठ्ठी. सुरुवातच मेंढ्यांच्या स्पर्धेनं, कुणाचा मेंढा सरस यावर. मग रोग येतो आणि खोऱ्यातली सगळी मेंढरं मारायचा हुकूम निघतो. आमच्याकडं माडग्याळ मेंढीवर जीव टाकणारी माणसं आहेत, बाकदार नाकाच्या मेंढ्याची किंमत सांगताना त्यांचा आवाज बदलतो, त्यांना हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही. भाऊबंदकी तर नाहीच नाही. आणि याचा शेवट बर्फाच्या वादळात. पडदा पांढरा. सबटायटल पांढरे. कडेला काळी रेघ नाही, मागं पट्टी नाही, काही नाही. मी टीव्हीच्या जवळ जाऊन उभा राहून वाचत होतो आणि आई मागनं विचारतेय काय म्हणाला, काय म्हणाला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत कॅप्शनला काळी पट्टी लावायची सोय आहे, ती लावून बघितली, हे ॲप ती मानतच नाही. अक्षराचा आकार तेवढा बदलतो. पांढऱ्या अक्षराला काळी कड द्यायला असं किती काम लागतं? गल्लीतला लग्नाचे व्हिडिओ करणारा पोरगा ते रोज करतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होतो. मधे त्यांच्याकडच्या एका माणसाचं उत्तर आलं, छापील नाही, खरंखुरं. कुठल्या मिनिटाला किती मागं पडतं ते मागितलं, मी लिहून दिलं, आणि इराणी सिनेमाची फाईल बदलली. परत लावून बघितला, अगदी शेवटापर्यंत ओळ ओळ जागेवर. त्यानं फ्रेमचंच कारण मान्य केलं. आई आणि मी पूर्ण बघितला आणि मग किआरोस्तामीचा त्याच भागातला पुढचा सिनेमाही बघितला, १९९० च्या भूकंपानंतर त्या पोरांचं काय झालं ते शोधायला निघालेल्या दिग्दर्शकाची गोष्ट, १९९२ ची. आई किल्लारीच्या आठवणी सांगत बसली, त्या रात्री सिनेमापेक्षा तेच जास्त बोलणं झालं. म्हणून एक तारा वाढवला. बर्फावरची पांढरी अक्षरं अजून तशीच आहेत, म्हणून त्याच्या वर नाही.

पैशाचं एक सांगतो. यूपीआय ऑटोपे, म्हणजे वर्गणीचे पैसे आपोआप कापायची सोय, चालू ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, मेसेज येतो, पण तो जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवतो. मी बंद केलंय आणि पुढं लागेल तसं महिन्याचं घेणार आहे. वर्षाचं घेतलं की स्वस्त पडतं हे खरं, पण इथले सिनेमे हक्क संपले की जातात, यादीत आज आहे ते सहा महिन्यांनी असेलच असं नाही, आणि मी काही रोज बघत नाही.

'लुनाना' भूतानचा, २०१९, शिक्षकी पेशातल्यांनी बघावा, लांब डोंगरातल्या वीज नसलेल्या शाळेवर नाखुशीनं गेलेला तरुण मास्तर आहे, ऑस्करच्या शेवटच्या पाचात गेलेला भूतानचा तो पहिलाच सिनेमा. जरा गोड गोड आहे, पण पोरं खरी तिथलीच आहेत.

आणि 'तुलपान' आत्ता लगेच बघा, महिनाअखेर जाणाऱ्या यादीत दिसतोय. कझाकस्तान, २००८. आसा नावाचा पोरगा नौदलातनं घरी येतो, बहिणीच्या तंबूत राहतो, त्याला स्वतःची मेंढरं हवीत पण लग्न झाल्याशिवाय कळप मिळणार नाही, आणि ज्या एका मुलीला मागणी घालतो ती कान मोठे आहेत म्हणून नाही म्हणते. तिचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. मेंढी विते तो प्रसंग न तोडता घेतलाय, खराखुरा, नटाच्या हातात खरं कोकरू. उघडा माळ असल्यामुळं सबटायटलही स्वच्छ दिसतात.