वासा संग्रहालय, स्टॉकहोम: बघायला सुरुवात तळापासून करा

हे संग्रहालय एकाच जहाजाभोवती बांधलंय. स्वीडनची युद्धनौका ‘वासा’ १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडाली. ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ला, ती ३२ मीटर खोलीवरून वर काढली. आज समोर दिसतं त्यातलं ९८ टक्के लाकूड मूळचं आहे. किमान अडीच तास हाताशी ठेवा.

दारातून आत गेलं की नजर पिछाडीच्या कोरीवकामाकडे ओढली जाते, पण ते नंतर. प्रवेशाचा मजला तळाचा नाही. आधी लहानशी फिल्म बघा, मग लिफ्टने खाली कण्यापाशी, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मुख्य लाकडापाशी जा. जहाज का बुडालं ते तिथे उभं राहिल्यावरच डोळ्यांना पटतं: उंची डोलकाठीच्या टोकापर्यंत ५२ मीटरच्या वर, रुंदी मात्र जेमतेम १२ मीटर. त्यात ६४ तोफा, बहुतेक दोन मजल्यांवर. तळात सुमारे १२० टन निरम, म्हणजे तोल राखायला भरलेले दगड. ‘अजून दगड का नाही भरले?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. भरले असते तर जहाज आणखी खाली बसलं असतं आणि तोफांच्या खालच्या झडपा पाण्याजवळ आल्या असत्या. दोष वजनाच्या वाटणीत होता, आणि तो आधीच कळलाही होता. धक्क्यावर तीस माणसं या बाजूकडून त्या बाजूला पळवून पाहिली, तर तिसऱ्या खेपेला जहाज इतकं डोललं की चाचणीच थांबवावी लागली. तरी जहाज निघालं, कारण राजाला घाई होती. वाऱ्याच्या झोतात ते डावीकडे कललं आणि उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं.

दुसरी बघण्याजोगी गोष्ट म्हणजे लाकूड. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा तिथे टिकत नाही. म्हणून तर एवढं जहाज शाबूत राहिलं. मात्र वर काढून नुसतं वाळू दिलं असतं तर ते आकसून तडकलं असतं. त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनाचे, फवारे १७ वर्षं मारले. पुढे २००० साली लाकडावर पांढरे-पिवळे डाग उठले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलेलं होतं, त्यात लोखंडाचा गंज मिसळून गंधकाम्ल तयार होत होतं. म्हणून २०११ ते २०१८ या काळात पाच हजारांवर गंजणारे लोखंडी बोल्ट काढून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बसवले. नीट निरखलं तर असे डाग आजही सापडतात.

उणिवा दोन. जहाजावर चढता येत नाही. तोफांच्या मजल्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, तिच्यावर भागवावं लागतं. आणि उजेड फार मंद आहे. लाकडासाठी तो तसा ठेवणं बरोबरच, पण बारीक अक्षरातल्या पाट्या वाचताना ज्येष्ठांचे हाल होतात. चष्मा विसरू नका. आत तापमान १८ ते २० अंश असतं, बाहेर ऊन असलं तरी पातळ स्वेटर जवळ असू द्या. १८ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

निघण्याआधी जहाजासोबत बुडालेल्या माणसांच्या सांगाड्यांचं दालन चुकवू नका. त्यातला ‘जी’ नावाचा सांगाडा कित्येक वर्षं पुरुषाचा समजला जात होता. २०२३मध्ये डीएनए तपासणीत ती बाई असल्याचं निष्पन्न झालं.