सेकंड हँड गाडी घेताना: चेसिस नंबर, आरसी की सर्व्हिसची नोंद?

"सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, चाळीस हजारच चाललीय." नांदेड-लातूरकडं गाडी बघायला गेलं की एजंटकडून हे ऐकायला मिळतंच. एवढे डॉक्टर खरंच असते तर आपल्या सरकारी दवाखान्यांत जागा रिकाम्या कशाला राहिल्या असत्या! पडताळायला तीन जागा आहेत, पण प्रत्येक जागी वेगळंच कळतं.

चेसिस नंबर म्हणजे १७ अक्षर-अंकांची गाडीची जन्मखूण. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. कुणी दिलेल्या नंबरात ती दिसली तर तिथंच थांबा. अमेरिकेत हा नंबर टाकला की अपघात, पूर, मीटरचे आकडे असा अहवाल विकत मिळतो. आपल्याकडं सगळं एका जागी देणारी तशी सोय नाही, म्हणून 'फक्त चेसिस नंबर टाका, पूर्ण इतिहास मिळवा' म्हणणाऱ्या साइटला मी पैसे देणार नाही. नंबराचं खरं काम जुळवणीचं. इंजिनामागच्या किंवा पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर कोरलेली सगळी १७ अक्षरं आरसीशी ताडून बघा. अक्षरं वरखाली, आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, नको.

आरसीची नोंद म्हणजे गाडीचा सातबारा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडी नंबर टाकला की कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाची एचपी (म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची नोंद) आहे का, हे फुकटात दिसतं. कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ भरून एचपी उतरवलेली नसते, असं आपल्याकडं फार. पण सातबाऱ्यावरून जमिनीचा पोत कळत नाही, तसंच आरसीवरून गाडी ठोकलेली आहे का ते कळत नाही.

ते कळलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात. तिथं तारखेनिशी किलोमीटर लिहिलेले असतात. तीन वर्षांपूर्वी नोंद ७२ हजारांची आणि आज मीटरवर ४५ हजार, म्हणजे मीटर मागं फिरवलंय, यापुढं वाद नको. विम्यातून झालेली मोठी दुरुस्तीही तिथं निघते. परक्याला माहिती देतीलच असं नाही, मालकाला सोबत न्या. अडचण एकच: वॉरंटी संपली की आपल्या बऱ्याच गाड्या गावच्या गॅरेजात जातात. त्यामुळं नोंदी थांबल्या म्हणजे गाडी धडधाकट होती, असं समजू नका.

मग आधी काय बघायचं? गाडी कुठली, त्यावर आहे. जिल्ह्यातलीच, एमएच २६ किंवा एमएच २४ पासिंगची, मालक ओळखीचा असेल तर आरसी आणि चांगला मिस्त्री एवढं पुरतं. हैदराबादहून आणलेल्या गाडीचं तसं नाही. टीएस किंवा टीजीची, म्हणजे तेलंगणा पासिंगची गाडी इकडं पासिंग झाली की नंबर प्लेट बदलते, चेसिस नंबर मात्र तोच राहतो. अशा वेळी जुना गाडी नंबर मागून घ्या, त्यावरची चलानं बघा आणि सर्व्हिसची नोंद चेसिस नंबरावरूनच काढायला सांगा. अजून पासिंग व्हायची असेल तर फॉर्म २८ची एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात घेतल्याशिवाय आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरल्याशिवाय बयाणा देऊ नका. चोरीची शंका असेल तर एनसीआरबी या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर गाडी, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून तपासता येतं.

सप्टेंबर २०२५च्या पुरात आपल्याकडं पाण्यात उभी राहिलेली गाडी मात्र यातल्या कुठल्याच नोंदीत दिसेल याची खात्री नाही. विम्याचा दावा केला नसेल तर कागद कोराच. तिथं सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून चिखलाची रेघ बघायची, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा आणि गालिचा उचलून वास घ्यायचा.