घरी शिकणाऱ्या मुलांसाठीचा लेखन-सराव संच: रोज एक पान ही अपेक्षा योग्य आहे का?

मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांना सतत सतावणारा प्रश्न म्हणजे मुलाने नेमके किती लिहायला हवे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या गच्च भरलेल्या वह्या पाहिल्या की आपल्या मुलाची वही उगाचच रिकामी वाटू लागते आणि मग लेखन-सरावाचे तयार संच घरात येतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तीन भागांत निघालेला असाच एक संच आम्ही आमच्या दोन्ही मुलांसाठी वापरला. त्याची छपाई स्वच्छ आहे, कागद वारंवार खोडूनही फाटत नाही आणि पहिल्या भागातील रुंद दुरेघी आखणी पुढे टप्प्याटप्प्याने अरुंद होत जाते, त्यामुळे मुलाच्या हाताला अवघडल्यासारखे होत नाही. माझा आक्षेप आहे तो संचाच्या मूळ अपेक्षेवर: रोज एक पूर्ण पान, आणि पालकांसाठीच्या सूचनांनुसार त्याकरिता रोज एक तास.

एका तासाच्या या अपेक्षेला आधार नाही असे मुळीच नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१२ साली प्राथमिक शाळांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज किमान एक तास लेखनासाठी द्यावा, अशी शिफारस आहे. परंतु त्या तासाचा साधारण अर्धा भाग लेखन कसे करावे हे शिकवण्यासाठी आणि उरलेला अर्धा ते प्रत्यक्ष करून पाहण्यासाठी आहे. इतर विषय शिकताना होणारे लेखनही त्यात धरता येते. या संचात मात्र शिकवणे जवळजवळ नाहीच. वर एक विषय, खाली रिकाम्या ओळी, आणि त्या भरेपर्यंत मूल एकटे.

हा दोष दुसऱ्या भागात ठळकपणे दिसतो. ‘माझा आवडता प्राणी’ या पानावर दहा ओळी आहेत. आमच्या आठ वर्षांच्या मुलीने खारीबद्दल तोंडी भरभरून सांगितले: ती शेंगा कुठे दडवते, उतरताना डोके खाली कसे ठेवते, शेपटी उडवून दुसऱ्या खारीला कशी हुसकावते. कागदावर मात्र ‘खार झाडावर राहते. खार छोटी असते. मला खार आवडते.’ एवढेच उतरले. तिच्या जवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण लिहिताना वाक्य मनात धरून ठेवणे आणि अक्षरे घडवणे ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि अक्षर हातात बसलेले नसेल तर एखादे जोडाक्षर अडताच पुढचे वाक्य निसटून जाते. प्राथमिक वयात हस्ताक्षराचा ओघ आणि लेखनाची लांबी व दर्जा यांचा जवळचा संबंध असतो, हे संशोधनातूनही दिसून आले आहे. म्हणून आम्ही तिचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवून घेतले आणि त्यातली तिला आवडलेली दोन वाक्ये तिला सुवाच्य अक्षरात लिहायला सांगितली. ती दोन वाक्ये त्या पानभर ओळींपेक्षा कितीतरी मोलाची ठरली.

वर्गात शिक्षकांना प्रत्येक मुलाचे बोलणे निवांत ऐकता येत नाही, म्हणून मुलाला काय समजले याचा पुरावा वहीतूनच घ्यावा लागतो. घरी ऐकणारा माणूस शेजारीच बसलेला असतो. ज्या उत्तरासाठी दोन मिनिटांचे बोलणे पुरेसे आहे, त्यासाठी पान भरायला लावणे म्हणजे मुलाची लेखनाची शक्ती भलत्याच कामी खर्च करणे होय.

गंमत अशी की संचाची अनुलेखन व श्रुतलेखनाची पद्धत होमस्कूलिंग करणाऱ्यांना परिचित असलेल्या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या परंपरेतली आहे. त्या परंपरेत मूल साधारण सहाव्या वर्षापासून ऐकलेला मजकूर आपल्या शब्दांत तोंडी सांगते आणि लेखी कथन दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. संचाने अनुलेखन घेतले, श्रुतलेखन घेतले आणि तोंडी कथन, जो या सगळ्याचा पाया आहे, तोच वगळला.

माझ्या मते सहा-सात वर्षांच्या मुलाकडून रोज दहा मिनिटांत एक-दोन ओळी नीट लिहिल्या जाणे पुरेसे आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने आठवड्यातून एक-दोनदा चार-पाच वाक्यांचा स्वतःचा परिच्छेद लिहावा. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाने आठवड्याला एक मोठा मजकूर लिहून तो दुसऱ्यांदा हाती घ्यावा, क्रम बदलावा, नको ते गाळावे. फेरलेखनाची सवय मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तिच्यासाठी तिसऱ्या भागात कुठेच जागा ठेवलेली नाही. रोज नवा विषय समोर येतो आणि कालचे लेखन कायमचे मागे पडते.

कमी लिहिणे म्हणजे न लिहिणे नव्हे, हेही आवर्जून सांगायला हवे. तोंडी सांगता येते म्हणून लेखन वर्षानुवर्षे पुढे ढकलणारी घरेही आहेत, आणि त्या मुलांना पुढे परीक्षेचे लेखन फार जड जाते. शिवाय नियमित सरावानंतरही हात दुखत असेल, अक्षरांतील अंतर सांभाळता येत नसेल आणि बोलणे व लिहिणे यांतली दरी तशीच राहत असेल, तर पाने वाढवण्यापेक्षा लेखन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. सूचनापुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.

पहिला भाग मी निःसंकोचपणे सुचवीन. त्यातील अनुलेखनाचे उतारे छोटे आणि वाचनीय आहेत. दुसरा भाग घ्यायचा असेल तर श्रुतलेखनासाठी घ्यावा आणि विषयांची पाने आधी तोंडी करून, आठवड्याला एकच, या हिशेबाने वापरावीत. तिसऱ्या भागाऐवजी साधी रेघांची वही घेऊन उजवे पान लेखनाला आणि डावे पान दुरुस्तीला ठेवले, तर मोठ्या मुलांचे काम अधिक चांगले होते.