जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन: भिंत पाडायची का ठेवायची, ब्रेकर का कटर, लादीवर लादी का उखडून

जुना फ्लॅट घेतलाय, ऐंशी-नव्वदच्या दशकातली बिल्डिंग आहे आणि किचनची भिंत काढून हॉल मोठा करायचाय, बाथरूम नवीन करायचंय, लादी बदलायचीय असं सगळं डोक्यात असेल तर टाइलचा रंग ठरवायच्या आधी हे वाचा. कारण कुठला पर्याय स्वस्त एवढंच बघून चालत नाही, त्यात बिल्डिंगच्या कुठल्या भागाला हात लागणार हे आधी बघायचं.

घाटकोपरची सिद्धी साई बिल्डिंग 25 जुलै 2017 ला कोसळली, 17 जण गेले. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत रिनोव्हेशन चालू होतं आणि त्यात कॉलमला (भार पेलणाऱ्या खांबाला) हात लावला असं रहिवासी सांगत होते. त्याआधी 27 सप्टेंबर 2013 ला डॉकयार्ड रोडला महापालिकेची बिल्डिंग पडली, 61 माणसं गेली, तिथेही तळमजल्यावर केलेल्या फेरफारांचा मुद्दा पुढे आला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या लोकांनी साधा खिळासुद्धा ठोकला नव्हता हो.

आता भिंतीचं. पहिला प्रश्न म्हणजे बिल्डिंग लोडबेअरिंग आहे का आरसीसी फ्रेमची. लोडबेअरिंग म्हणजे विटांच्या जाड भिंतींवरच स्लॅब बसलेला, 9 इंच किंवा त्याहून जाड भिंती, पुण्यातल्या पेठांमधल्या आणि मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगा बऱ्याचशा अशाच. तिथे भिंत पाडणं म्हणजे वरच्या मजल्याचा पाय काढणं, त्यामुळे आख्खी भिंत काढायचा विषयच नको, फार तर दरवाज्याएवढं ओपनिंग, तेही आधी टेकू लावून, वर गर्डर (लोखंडी तुळई) किंवा लिंटल (ओपनिंगवरची आडवी काँक्रीटची पट्टी) टाकून आणि त्याच्या दोन्ही टोकांना पुरेशी भिंत शिल्लक ठेवून. आरसीसीत म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यात भार कॉलम-बीमवर (खांब आणि आडव्या तुळयांवर) असतो, मधली 4.5 इंची भिंत नुसती भरलेली असते, म्हणून मिस्त्री म्हणतो पाडू बिनधास्त. बऱ्याचदा ते बरोबरही असतं पण जुन्या बिल्डिंगमध्ये सळई गंजून बीम खाली वाकलेला असेल तर तो त्याच भिंतीवर टेकलेला असू शकतो, आणि हे भिंतीवर टकटक करून कळत नाही. सोसायटीकडे किंवा महापालिकेत मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळतं का बघा, नाही मिळालं तर इंजिनिअरला गिलावा थोडा काढून बघू दे. तळमजल्यावर दुकान मोठं करायला सगळ्याच भिंती काढणार असाल तर अजून वेगळी भीती, खालचा मजला पोकळ राहिला की भूकंपात तोच आधी बसतो, 2001 च्या भूकंपात अहमदाबादमध्ये खाली नुसतं पार्किंग असलेल्या कितीतरी बिल्डिंगा तशाच गेल्या.

तोडायचं कशाने यावर लोक विचारच करत नाहीत. ब्रेकर (दणके देऊन फोडणारं मशीन) स्वस्त आणि फास्ट, पण दणका फक्त टोकापुरता राहत नाही, आजूबाजूचं जुनं काँक्रीट सळईपासून सुटतं आणि मग पावसाळ्यात पाणी शिरून गंज चालू होतो. डायमंड ब्लेडचा कटर किंवा कोअर कटिंग (गोल भोक कापून काढणारं मशीन) महाग, पाण्याचा राडा होतो, पण हादरा जवळजवळ नाही. चिमणीच्या, एसीच्या पाइपला भोक पाडायचं तर माझं मत सरळ कोअर कटिंग, फक्त भिंतीत. बीममधून आणि कॉलममधून कशानेच नाही, कारण भोक गोल आणि सुबक दिसलं तरी आत कापलेली सळई कापलेलीच असते.

लपवलेली वायरिंग का बाहेरची पट्टी, यात दिसायला लपवलेली छान हे मान्य, पण स्लॅबच्या सळईवर खालून साधारण 20 मिमी आणि कॉलमच्या सळईवर 40 मिमी काँक्रीट असतं, तेही साइटवर नीट काम झालं असेल तर. इलेक्ट्रिशियनने पंख्याचा पॉइंट सरकवायला स्लॅबला इंचभर खाच मारली की सळई उघडी. भिंतीत उभी खाच चालते, लांबलचक आडवी खाच टाळा, विशेषतः लोडबेअरिंगमध्ये. छताला फॉल्स सीलिंगच्या आतून वायर फिरवा, कॉलमवर केसिंग पट्टी लावा, जरा दिसेल, दिसू दे.

लादीचा हिशोब वजनावर करा. राहत्या घराचा स्लॅब माणसं, सामान वगैरेसाठी साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर धरून डिझाइन करतात. जुन्या लादीवर अॅडहेसिव्हने 10 मिमीची टाइल लावली तर चौरस मीटरला अंदाजे 30 किलो वाढतात, म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीत साडेतीनशे किलोच्या आसपास. पण तीच जुनी लादी ठेवून वर 2 इंच रेती-सिमेंट आणि त्यावर मार्बल टाकलं तर चौरस मीटरला 150 किलोच्या घरात जातं, खोलीला दीड टनाच्या वर, आणि असं करणारे आहेत! म्हणून जुनी लादी एकच थर असेल, पोकळ वाजत नसेल, खाली गळती नसेल तर अॅडहेसिव्हने लादीवर लादी मला जास्त पटते. पोकळ असेल किंवा आधीच दोन थर असतील तर उखडा, पण छिन्नी-हातोडा नाहीतर छोटं हातमशीन, मोठा ब्रेकर नको. बाथरूममध्ये तर अजून सांभाळून, कारण कोबा (लादीखालचा भरावाचा थर) फोडता फोडता खालचा स्लॅब कधी फुटला ते खालच्यांच्या छताला पाणी आल्यावरच कळतं.

नवीन पार्टिशन घालायचं असेल तर प्लास्टरसकट 4.5 इंची विटांची भिंत 10 फूट उंचीला दर रनिंग मीटरला 800 किलोच्या आसपास जाते, 4 इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) 300 च्या आसपास, जिप्समची शंभरच्याही आत. खाली बीम नसेल तर विटांचं नाव काढू नका. टीव्ही, कपाटं टांगायची असतील तर एएसी, नुसता आडोसा हवा असेल तर जिप्सम.

आणि डेब्रिजच्या गोणी. त्या बाल्कनीत किंवा खोलीच्या मधोमध रचून ठेवतात, बाल्कनी बाहेर लटकती असते, तिच्यावर टनभर माल चढवायचा नाही, रोजच्या रोज खाली न्यायचा, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

काम नुसतं कंत्राटदाराला द्यायचं का स्ट्रक्चरल इंजिनिअरही घ्यायचा, तर इंजिनिअरची फी लाद्यांच्या खर्चात वाचवून काढा पण ती द्याच. कंत्राटदाराला काम उरकायचं असतं, इंजिनिअर सहीची जबाबदारी घेतो. सोसायटीची परवानगी घ्या, स्ट्रक्चरला हात लागणार असेल तर महापालिकेचीही लागते. मुंबईत 30 वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) बंधनकारक आहे, तो रिपोर्ट सेक्रेटरीकडे मागा, त्यात तुमच्या फ्लॅटखालचा बीम खराब लिहिलेला असेल तर बाकीची तुलना बाजूला, आधी दुरुस्ती.

समजा हे वाचेपर्यंत बीम किंवा कॉलमला खाच पडली असेल तर काम तिथल्या तिथे थांबवा, सिमेंट भरून गिलावा करू देऊ नका, जागा उघडी ठेवून फोटो काढा, वरच्या-खालच्या घरांना त्याच दिवशी सांगा आणि इंजिनिअरला बोलवा. टेकू मिस्त्रीच्या अंदाजाने लावू नका, चुकीच्या जागी लावला तर सगळा भार खालच्याच्या स्लॅबवर जातो, त्यामुळे कुठे लावायचा आणि खाली किती मजल्यांपर्यंत न्यायचा ते इंजिनिअरलाच सांगू दे.